ऑक्टोबरचा कागद : निवृत्तांच्या आरोग्यविम्याच्या वार्षिक नोटिशीचा इतिहास

आमच्या दातिवऱ्यात ऑक्टोबर महिना दोन गोष्टी घेऊन येतो. एक म्हणजे भाताची कापणी आणि दुसरी म्हणजे बँकेच्या पेन्शनरांच्या आरोग्यविम्याची नोटीस. पहिलीची वाट सगळे गाव पाहते. दुसरीची वाट पाहणारी घरे मोजकीच, पण त्या घरांत नवरात्र सरता सरता एकच विषय निघतो : ‘यंदा किती आला?’ या विम्याचे वर्ष १ नोव्हेंबरला सुरू होते आणि ३१ ऑक्टोबरला संपते. त्यामुळे हा कागद नेमका घर झाडायच्या, माळ्यावरचा आकाशकंदील शोधायच्या दिवसांत येतो. नोव्हेंबरात हयातीचा दाखलाही द्यायचा असतो. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करणे आणि पुढचे वर्ष जगण्याच्या खर्चाची सोय करणे, ही दोन्ही कामे पेन्शनरांच्या पंचांगात एकाच पानावर पडतात.

गेली पंचवीस वर्षे मी वैतरणेच्या मुखापासून केळव्यापर्यंतच्या किनाऱ्याचे जुने कागद गोळा करतो आहे. दातिवऱ्याचा कोट, हिराडोंगरी, १७३७ ते १७३९ ची वसईची मोहीम, खाडीकाठच्या जमिनी हे माझे नेहमीचे विषय. शिक्षण बारावीपर्यंत. मोडी शिकलो ती पुस्तकावरून आणि चुका करत. नोकरी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. अशा माणसाने विम्याच्या परिपत्रकांचा इतिहास लिहायला का घ्यावा, याचे उत्तर एका चुकीत आहे. चूक माझी आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

एक शब्द

माझे चुलते एका राष्ट्रीयीकृत बँकेत दप्तरी होते. २०००-०१ साली सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची मोठी लाट आली, तिच्यात तेही बाहेर पडले. २०१५ मध्ये बँकेच्या निवृत्तांसाठी समूह आरोग्यविमा सुरू झाला, तेव्हा काका-काकूंनी पहिल्याच वर्षी नाव घातले. पुढे दरवर्षी इंग्रजीतले परिपत्रक यायचे आणि काका ते घेऊन माझ्याकडे यायचे. गावात ‘जुने कागद वाचणारा’ म्हणून माझी ओळख. तीनशे वर्षांपूर्वीचा कागद वाचतो, त्याला या वर्षीचा काय अवघड, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

२०१८ च्या ऑक्टोबरात आलेल्या अर्जावर दोन चौकोन होते. एक ‘डोमिसिलियरीसह’ आणि दुसरा ‘डोमिसिलियरीविना’. दुसऱ्याचा हप्ता बराच कमी होता.

‘‘अरे, हे डोमिसिलियरी काय प्रकरण आहे?’’ काकांनी विचारले.

‘‘डोमिसाइलचं काहीतरी असेल, काका. अधिवासाचा दाखला. तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथले, तुम्हाला काय करायचंय?’’

काकांनी ‘विना’वर खूण केली. मी त्यांच्यासमोर वाचलेल्या कागदांपैकी सर्वांत लहान कागद तो, आणि मी तो चुकीचा वाचला.

त्या शब्दाचा खरा अर्थ घरी राहून घेतलेले उपचार. म्हणजे रुग्णालयात दाखल न होता, ठरावीक आजारांसाठी लागणारी औषधे आणि तपासण्या. मुळाशी लॅटिनमधला ‘घर’ हाच शब्द आहे, अधिवासाच्या दाखल्यातही तोच. माझी व्युत्पत्ती बरोबर होती, अर्थ चुकला होता. दोन वर्षांनी काकूचा उजवा हात थरथरू लागला. पार्किन्सन निघाला. औषधे रोजची आणि जन्मभराची. काकांनी बिले जोडून पाठवली, तेव्हा उत्तर आले की आपण हा भाग निवडलेला नाही. एकदा सोडलेला पर्याय पुन्हा मिळणार नाही, हे वाक्य २०१८ च्या कागदाच्या दुसऱ्या पानावर होतेच. ते पान मी उलटले नव्हते.

काका २०२२ मध्ये गेले. शेवटपर्यंत त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिवसकार्य झाल्यावर काकूने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. त्यात २०१५ पासूनची सगळी परिपत्रके वर्षवारीने लावलेली होती. दप्तरी होते ते, कागद कसा ठेवायचा हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

एका ओटीवर चार कागद

डबा घेऊन बसलो तेव्हा पहिला प्रश्न पडला तो असा : हा कागद दरवर्षी येतोच कशाला? आमच्या ओटीवर संध्याकाळी बसणाऱ्यांत असा कागद न येणारेही आहेत.

एक जण पश्चिम रेल्वेतून निवृत्त झालेले. रेल्वेची १९९७ पासूनची निवृत्तांसाठीची उदार आरोग्य योजना आहे. तिच्यात निवृत्तीच्या वेळी शेवटच्या महिन्याच्या मूळ पगाराएवढी रक्कम एकदाच भरायची, पुढे रेल्वेच्या दवाखान्यांची सोय तहहयात. त्यांना दर ऑक्टोबरात काही येत नाही. दुसरे माझ्यासारखेच तारापूर एमआयडीसीतले कामगार. राज्य कामगार विमा योजनेत पाच वर्षे विमेदार राहून वयोमानाने निवृत्त झालेल्याला, नियम ६१ खाली, महिना १० रुपये म्हणजे वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी उपचार मिळतात. भरायचे दरवर्षी, पण अटी दरवर्षी बदलत नाहीत. तिसरे मासेमारी करणारे, त्यांच्याकडे सरकारी कार्ड आहे. चौथे काका, आणि त्यांचा तो डबा.

चौघांचे वय जवळपास एक, आजारही तेच : साखर, रक्तदाब, गुडघे, मोतीबिंदू. पण पहिल्या तिघांच्या हाती कोणीतरी दिलेले वचन आहे. वचन अपुरे असेल, दवाखाना लांब असेल, औषध संपलेले असेल. तरी पुढच्या वर्षी वचन तेच राहते. काकांच्या हाती करार होता. करार एका वर्षाचा असतो आणि वर्ष संपले की दोन्ही बाजू मोकळ्या होतात. नोटीस येते ती या मोकळेपणातून.

वचनाची परंपरा आपल्याकडे फार जुनी नाही. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्ये कामगारांसाठी आजारविम्याचा कायदा केला. हिंदुस्थानात १९४३ मध्ये कारखाना कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे आले आणि १९४४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी अहवाल दिला. त्या अहवालाच्या पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर व दिल्ली इथे योजना सुरू झाली. वर्गणी पगाराच्या प्रमाणात आणि उपचार गरजेच्या प्रमाणात, हे तिचे सूत्र. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीची आरोग्य योजना १९५४ मध्ये दिल्लीत निघाली. या योजनांत माणूस किती आजारी पडतो यावर त्याची वर्गणी ठरत नाही. विमा कंपनीच्या पॉलिसीचे घराणे वेगळे, आणि ते आमच्या किनाऱ्याला अनोळखी नाही.

एका सफरीचा करार

‘विमा’ या शब्दाचे नाते फारसी ‘बीम’ म्हणजे भय या शब्दाशी सांगितले जाते. पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांनी हे भय विकण्या-घेण्याची रीत फार पूर्वी बसवली होती. तिचे नाव जोखमी हुंडी. माल घेऊन गलबत सुखरूप पोहोचले तरच या हुंडीचे पैसे द्यायचे. गलबत बुडाले तर हुंडीही बुडाली. उचल आणि विमा दोन्ही एकाच कागदात. आमच्या खाडीपलीकडचे आगाशी हे एके काळी जहाजबांधणीसाठी नावाजलेले गाव, तेव्हा ही रीत इथल्या बंदरांना परकी नसणार.

या हुंडीचा जो गुण मला महत्त्वाचा वाटतो तो हा : ती एका सफरीची असे. पुढची सफर म्हणजे नवी हुंडी आणि नवा भाव. पावसाळा जवळ आला, समुद्रात लुटारूंची बातमी आली, गलबत जुने झाले, की भाव वाढणार. मागच्या दहा सफरी सुखरूप झाल्या म्हणून अकरावी त्याच भावात द्यायला सावकार बांधील नव्हता.

आजची आरोग्यविम्याची पॉलिसी म्हणजे बारा महिन्यांची सफर. १९३८ च्या विमा कायद्यात पुढे घातलेले कलम ६४-व्हीबी सांगते की हप्ता आधी हाती आल्याशिवाय विमा कंपनीने जोखीम घ्यायची नाही. नोटिशीवरची शेवटची तारीख म्हणूनच वीजबिलाच्या तारखेसारखी नसते. बिल उशिरा भरले तर दंड होतो. हप्ता उशिरा गेला तर मधल्या दिवसांत गलबत विम्याविना समुद्रात असते. वैयक्तिक पॉलिसीला वार्षिक हप्त्यासाठी ३० दिवसांची सवलतीची मुदत असते. तिच्यामुळे जुन्या आजारांच्या प्रतीक्षाकाळाचे झालेले दिवस वाया जात नाहीत, पण खंडाच्या दिवसांत आलेले आजारपण मात्र आपल्याच खिशावर येते.

गलबत आणि माणूस यांत एक फरक आहे. जुने गलबत मालक मोडीत काढतो. माणूस जुना होतो तेव्हाच त्याला विम्याची गरज वाढते, आणि सफरीच्या हिशेबाने नेमका तेव्हाच तो नकोसा होतो. निवृत्तांच्या आरोग्यविम्यातली सगळी भांडणे या एका गाठीपाशी येऊन थांबतात.

नोटीस हक्क कशी झाली

सर्वसाधारण विम्याचा धंदा १ जानेवारी १९७३ पासून राष्ट्रीयीकृत झाला. शंभराहून अधिक कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या. त्यांनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ आणली. मध्यमवर्गीयाला आपणहून घेता येईल अशी ही पहिली रुळलेली आरोग्य पॉलिसी. कोकणातल्या कित्येक घरांत अजूनही कुठल्याही आरोग्यविम्याला मेडिक्लेमच म्हणतात. १९९९ च्या कायद्याने नियामक प्राधिकरण आले, खासगी कंपन्या आल्या, आणि २००१ च्या नियमांनी दावे हाताळणारे त्रयस्थ प्रशासक, म्हणजे आपल्या बोलण्यातले टीपीए, रुग्णालय आणि विमेदार यांच्यामध्ये उभे राहिले.

पहिल्या काळात नूतनीकरण ही कंपनीची मर्जी होती. दावा केला, भांडण केले, वय वाढले, की दार बंद होण्याची भीती. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी विमा कंपनीला बजावले की विमेदार पूर्वी न्यायालयात गेला एवढ्या कारणावरून नूतनीकरण नाकारणे मनमानी आहे. २०११ मध्ये एका कंपनीकडून दुसरीकडे साचलेल्या लाभांसह जाण्याची सोय झाली. २०१३ च्या नियमांनी आरोग्य पॉलिसीचे नूतनीकरण तहहयात केले. बंद दाराचा प्रश्न असा टप्प्याटप्प्याने हलका झाला. पण दार उघडे ठेवून आतली खोली लहान करता येते, हा प्रश्न उरलाच.

त्याचे उत्तर ९ डिसेंबर २०२१ च्या निकालात आहे. एका दांपत्याने आठ लाखांची पॉलिसी घेतली आणि २००८ मध्ये तिचे नूतनीकरण केले. त्याच वर्षी पत्नीची अँजिओप्लास्टी झाली, खर्च साडेतीन लाखांच्या पुढे गेला. कंपनीने दोन लाखच दिले. कारण सांगितले ते असे की नूतनीकरण झालेल्या पॉलिसीत या शस्त्रक्रियेवर नवी मर्यादा आहे. दांपत्याचे म्हणणे, आम्हाला हे कोणी सांगितलेच नाही. आम्ही मागचीच पॉलिसी पुढे चालू आहे असे समजून हप्ता भरला. ग्राहक न्यायमंचांतून प्रकरण वर गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बाजू घेतली. नूतनीकरणाच्या वेळी अटींत बदल केला असेल तर तो विमेदाराला कळवणे हे कंपनीचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने सांगितले. आजारपण २००८ चे, निकाल २०२१ चा. मध्ये तेरा वर्षे.

हा निकाल वाचल्यावर डब्यातले कागद मला वेगळे दिसू लागले. तोवर मी नोटीस म्हणजे हप्ता वाढल्याची बातमी समजत होतो. ती खरे तर कळवण्याच्या कर्तव्याची पोच आहे. कागद आपल्या हाती पडला की ‘मला सांगितले नाही’ हे म्हणणे संपले. सांगणाऱ्याचे काम तिथे पुरे होते आणि समजून घेण्याचे काम आपल्यावर येते.

काकांचा डबा

आता डब्याकडे. २५ मे २०१५ ला इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात दहावा द्विपक्षीय करार झाला. तोवर नोकरीतल्या कर्मचाऱ्याचा रुग्णालयाचा खर्च बँक आपल्या दरपत्रकाप्रमाणे भागवत असे. या कराराने त्याजागी समूह विमा आला : अधिकाऱ्यांना ४ लाख, लिपिक आणि शिपाई-दप्तरी वर्गाला ३ लाख. नोकरीत असणाऱ्यांचा हप्ता बँकेने भरायचा. निवृत्तांनाही या योजनेत येता येईल, पण त्यांचा हप्ता त्यांनीच भरायचा.

पहिल्या वर्षी काकांना तो हप्ता महिन्याच्या पेन्शनमधून भरून बरेच पैसे उरले होते. अलीकडच्या कागदावरचा हप्ता काकूच्या महिन्याच्या कुटुंबपेन्शनमध्ये मावत नाही. असे का झाले, याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत.

पहिले कारण साधे. पहिल्या वर्षाचा भाव अनुभवाविना ठरतो, दुसऱ्या वर्षापासून दावे बोलू लागतात. निवृत्तांच्या समूहात तरुण माणूस नसतो. दुसरे कारण कराचे. २०१५ मध्ये हप्त्यावर १४ टक्के सेवाकर होता, १ जुलै २०१७ पासून १८ टक्के जीएसटी आला. तिसरे कारण समजायला मला वेळ लागला. भाव वाढला की धडधाकट निवृत्त म्हणतो, मला कुठे काय होतेय, यंदा राहू दे. तो उतरला की मागे राहिलेल्यांत आजारी माणसांचे प्रमाण वाढते आणि पुढच्या वर्षीचा भाव आणखी चढतो. मग आणखी काही उतरतात. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० च्या आपल्या गाजलेल्या लेखात जुन्या मोटारींच्या बाजाराबरोबर हेच उदाहरण दिले होते : पासष्टीपुढच्या माणसाला आरोग्यविमा मिळणे इतके कठीण का? २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आमच्याकडच्या भाषेत सांगायचे तर वल्ही मारणारे एकेक करून उतरू लागले, की होडीत बसलेल्यांचे भाडे वाढते.

यावर उपाय म्हणून पर्याय आले. औषधांचा भाग वेगळा काढला, वरच्या रकमेसाठी सुपर टॉप-अप वेगळा आला. एक सलग वचन तुकड्यांत विकायला आले, आणि कोणता तुकडा सोडायचा ते ठरवण्याची जबाबदारी सत्तरीतल्या माणसाच्या पेनावर आली. २०१८ चे ते दोन चौकोन हा त्या इतिहासातला क्षण होता. माझ्या ओटीवर तो दोन मिनिटांत आटोपला.

चौथी गोष्ट मला सर्वांत उशिरा दिसली, कारण ती कागदावर बदल म्हणून नव्हतीच. २०१५ च्या योजनेत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये आणि अतिदक्षता विभागाची ७,५०० रुपये होती. पुढच्या वर्षांचे कागद शेजारी ठेवले तर काकांच्या डब्यात हे आकडे तसेच पुढे आलेले दिसतात. ३ लाखही तसेच ३ लाख. एवढ्या वर्षांत विरार-मुंबईकडच्या रुग्णालयांचे दर कुठे गेले, हे वाचकांना सांगायला नको. ओळ बदलली नाही, म्हणून नोटिशीने कळवले नाही. पण ओळीची किंमत दरवर्षी कमी होत गेली. न बदललेल्या ओळीतला बदल कळवण्याचे कर्तव्य कोणाचेच नसते.

मूळ पेन्शनचेही तसेच. बँकेच्या निवृत्तांची मूळ पेन्शन निवृत्तीवेळच्या पगारावर ठरते. नंतरच्या पगारकरारांबरोबर ती नव्याने ठरत नाही, महागाई भत्ता तेवढा हलतो. कुटुंबपेन्शनची कमाल रक्कम तर २०२१ पर्यंत महिना ९,२८४ रुपयांवर अडकलेली होती. त्या वर्षी ती मर्यादा उठून शेवटच्या पगाराच्या ३० टक्के झाली, म्हणून आज काकू हप्त्याचा विचार तरी करू शकते.

दोन रकाने

परदेशात हा प्रश्न कसा हाताळतात ते शोधताना एक गोष्ट सापडली. अमेरिकेत पासष्टीपुढच्या नागरिकांसाठी १९६५ मध्ये मेडिकेअर कायदा झाला. तिच्याअंतर्गत खासगी कंपन्या चालवतात त्या योजनांना दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत ‘बदलांची वार्षिक नोटीस’ प्रत्येक सभासदाला पोहोचवावी लागते. मग १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात योजना बदलता येते. या नोटिशीत दोन रकाने असतात : डावीकडे हे वर्ष, उजवीकडे पुढचे वर्ष. हप्ता, स्वतः भरायचा वाटा, औषधे, सगळे समोरासमोर. तिथली व्यवस्था निर्दोष आहे असे मुळीच नाही, आणि तिथलेही म्हातारे त्या कागदाला वैतागतात. पण दोन रकाने ही कल्पना इतिहासाच्या अभ्यासकाला लगेच पटते. एकट्या कागदावरून काय बदलले ते कधीच कळत नाही. त्याला मागचा कागद लागतो.

आपल्या नोटिशीत रकाने नसतील तर ते आपणच आखायचे. गेली तीन वर्षे मी आखतो आहे. वहीचे पान मधोमध दुमडायचे, डाव्या बाजूला मागच्या वर्षीच्या कागदावरचे आणि उजव्या बाजूला यंदाचे लिहायचे. काय लिहायचे, ते चुकत चुकत शिकलो ते असे.

सर्वांत वर तारीख, आणि तिच्यासमोर ‘गप्प राहिलो तर काय?’ हा प्रश्न. काही ठिकाणी उत्तर न दिल्यास मागचा पर्याय चालू धरून खात्यातून पैसे वळते होतात, काही ठिकाणी नकार समजतात. हे वाक्य बहुधा शेवटच्या पानावर असते. मग विम्याची रक्कम. मग खोलीभाड्याची मर्यादा. अनेक पॉलिसींत मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर फक्त खोलीचा फरक कापत नाहीत, बाकीचे बिलही त्याच प्रमाणात कापतात. मर्यादा ५,००० ची आणि खोली ८,००० ची घेतली, तर खोलीशी निगडित दोन लाखांच्या बिलापैकी सव्वा लाखच मंजूर होईल. मग एकेका आजारावरच्या मर्यादा : मोतीबिंदू, गुडघा, हृदय. २०२१ चा निकाल याच ओळीवर झाला. मग स्वतः भरायच्या वाट्याची टक्केवारी. मग घरच्या औषधांचा तो भाग, ज्याचे नाव मी आता विसरणार नाही. शेवटी टीपीए कोण आणि कॅशलेसच्या यादीत कोणती रुग्णालये. दातिवऱ्याहून विरार खाडीपलीकडे डोळ्यांना दिसते, पण रुग्णवाहिकेला सफाळ्यावरून महामार्गाचा मोठा वळसा पडतो. यादीतले जवळचे एक नाव गळणे आमच्यासाठी हप्त्यातल्या हजार रुपयांपेक्षा मोठा बदल असतो.

कोणती ओळ बदलली नाही, तिच्यावरही मी आता खूण करतो, आणि शेजारी लिहितो : ‘२०१५ पासून हीच.’

अलीकडे काही नियम विमेदाराच्या बाजूने झाले आहेत, तेही वहीत असावेत. १ जानेवारी २०२४ पासून पॉलिसीबरोबर सोप्या भाषेतले माहितीपत्रक द्यावे लागते आणि मागितले तर ते स्थानिक भाषेत मिळायला हवे. मराठीत मागायचे असते, हे मात्र आपल्यालाच ठाऊक असावे लागते. २०२४ च्या नियमांनी जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षे केला. सलग पाच वर्षे झालेल्या पॉलिसीवर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, ‘माहिती लपवली’ म्हणून दावा नाकारता येत नाही. ३० जानेवारी २०२५ ला नियामकाने सांगितले की ज्येष्ठांच्या पॉलिसीचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर आधी आमच्याशी बोला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी गेला. पण सूट देणाऱ्या अधिसूचनेचे शब्द ‘जिथे विमेदार हा समूह नाही’ असे आहेत. आपण बँकेच्या समूहात असलो तरी हप्ता एकट्याने भरतो, मग आपण समूह की व्यक्ती? यंदा निवृत्तांच्या गप्पांत हाच प्रश्न आहे. एका शब्दावर हजारो रुपये टांगलेले असतात, हे मला आता कोणी शिकवायला नको.

सत्तरीपुढच्या सर्वांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आले. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयाचा खर्च. हे पुन्हा वचनाच्या घराण्यातले आहे. काकूचे कार्ड मी काढून आणले. पण ते दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. रोज तीन वेळा घ्यायच्या गोळ्या त्यात बसत नाहीत.

यंदाचा कागद

यंदाची नोटीस काकूच्या पुतणसुनेच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, मोबाइलवर आली. छापून आणली. ओटीवर वही दुमडून बसलो. काकू शेजारी. डावा हात तिने उजव्यावर घट्ट धरून ठेवला होता, थरथर दिसू नये म्हणून.

मी आधी एकच ओळ शोधली : सोडलेला भाग पुन्हा घेता येईल का? नाही. ते वहीत लिहिले. मग बाकीच्या ओळी एकेक करून मराठीत वाचून दाखवल्या, दुसरे पान उलटले, आणि शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली.

‘‘भरायचा का?’’ तिने विचारले.

आम्ही हिशेब केला. तीन लाखांच्या पॉलिसीला एवढा हप्ता, शिवाय कार्ड आहेच. पण कार्डाच्या यादीतले रुग्णालय आणि या यादीतले रुग्णालय वेगळे. शिवाय एकदा उतरलो तर या होडीत पुन्हा चढता येणार नाही, हे २०१८ ने शिकवले होते. भरायचा ठरला. या वेळी मी ‘तुला काय करायचंय’ असे म्हटले नाही. दोन्ही रकाने तिच्यापुढे ठेवले, ठरवले तिनेच.

उठताना मी मागच्या वर्षीचा कागद बाजूला टाकला. काकूने तो उचलायला लावला, यंदाच्या कागदाबरोबर डब्यात ठेवायला सांगितला आणि झाकण नीट बसले आहे ना ते स्वतः चाचपून पाहिले. ‘‘पुढच्या वर्षी लागेल तुला,’’ ती म्हणाली.